थांबाकाका आणि मोठं खातं

कंपनी खिडक्या बनवायची. दारंही बनवायची, पण नाव होतं ते खिडक्यांचं. खालच्या शेडमध्ये काच कापली जायची, वरच्या मजल्यांवर हिशेबवाले, नकाशेवाले आणि मापंवाले बसायचे, आणि मधल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या एका अरुंद खोलीत सपोर्टची तीन माणसं बसायची. कुणाचा कॉम्प्युटर अडला, छपाई रखडली, फाईल उघडेना, की फोन या खोलीत वाजायचा. आणि तो उचलणारे बहुतेक वेळा थांबाकाकाच असायचे.

हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नको. फोनवर माणूस घाबराघुबरा होऊन "काका, सगळं गेलं हो!" म्हणाला की काकांचं उत्तर ठरलेलं. "थांबा. कशालाच हात लावू नका. दोन्ही हात मांडीवर ठेवा. मी येतो." मग ते आपला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर खाली ओढत जिना चढायचे. शेजारच्याच खोलीत सर्व्हर होते आणि त्यांच्यासाठी लावलेला गारवा भिंतीतून पाझरायचा, म्हणून तो स्वेटर बारा महिने अंगावर. हिशेब विभागातल्या एक बाई खरोखरच हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या ताठ बसून काकांची वाट बघायच्या. काका येणार, वाकणार, दोन-चार कळा दाबणार, आणि गेलेलं सगळं परत येणार. "मशीन सहसा बिघडत नाही," ते म्हणायचे, "घाबरलेला माणूस त्याला बिघडवतो." कंपनीतल्या टवाळ पोरांनी त्यांच्या आवाजाची नक्कल बसवली होती, आणि स्वतः काकांनाही ती आवडायची. एकदा तर एकाला त्यांनी ती नीट करून दाखवली.

आता मोठ्या खात्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. सर्व्हरवर जे काही करता येतं ते सगळं ज्या खात्यातून करता येतं, ते हे मोठं खातं. त्यातून शिरलात की कुठलीही फाईल उघडा, कुठलंही फोल्डर उडवा, कुणाचाही पासवर्ड बदला. सर्व्हर ब्र काढणार नाही. खरं तर असलं खातं एखाद-दुसऱ्या माणसाकडे असावं. पण या खोलीत ते तिघांत मिळून एक होतं, घरात एकच छत्री असावी तसं. ज्याला लागेल त्याने घ्यावी. पासवर्ड कुठे लिहायचा नाही अशी रीत होती. नवं माणूस कामाला लागलं आणि काकांच्या मनात भरलं की काका त्याला जिन्याच्या वळणावर न्यायचे. तिथे वरून किंवा खालून कुणी आलं तर आधी पावलं ऐकू येतात. तिथे उभं राहून ते त्याच्या कानात पासवर्ड सांगायचे, त्याच्याकडून तो म्हणून घ्यायचे, आणि "आता तू आपला" म्हणून पाठीवर थाप मारायचे. खोलीतल्या उंच गड्याला, ज्याला सगळे खांब म्हणत, तो असाच मिळाला होता. त्यानंतर आलेल्या पोरीलाही, जिला तिघांत लहान म्हणून धाकटी हे नाव पडलं होतं. पासवर्ड मिळाला त्या दिवशी ती घरी पेढे न्यावेत अशा चेहऱ्याने गेली होती.

आणि मग शाळेच्या खिडक्या गेल्या.

एका जुन्या शाळेच्या झाडून सगळ्या खिडक्या बदलायचं काम कंपनीला मिळालं होतं. इमारत इतकी जुनी की एक खिडकी दुसरीसारखी नाही. मापं घेणारी माणसं कित्येक दिवस शिड्यांवर लटकून, भिंतींचा चुना डोळ्यांत घेऊन मापं टिपत होती आणि रोज सर्व्हरवर चढवत होती. काच कापायचा दिवस उजाडला. शेडमधल्या मुकादमाने मापं उघडायला घेतली, तर फोल्डरच जागेवर नाही.

"काका, शाळा गेली!" मुकादम फोनवर ओरडला.

"थांबा. कशालाच हात लावू नका," काका म्हणाले.

पण या वेळी कुणाचे हात थांबवून काही उपयोग नव्हता. फोल्डर आधीच्या मंगळवारी दुपारी उडवलेलं होतं. बॅकअप रोज व्हायचा, पण जागा वाचवायला नवा बॅकअप जुन्याच्याच जागी बसायचा, त्यामुळे मधल्या दिवसांत बॅकअपमधूनही शाळा पुसली गेली होती. आणि ते उडवलं कुणी? सर्व्हर एवढंच सांगत होता की मोठ्या खात्याने. म्हणजे तिघांपैकी कुणीही.

मालकांनी तिघांना वर बोलावलं. मालक एरवी शांत गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "कुणी केलं?"

"मी नाही," काका म्हणाले.

खांब म्हणाला, मी नाही. धाकटीही रडवेली होऊन म्हणाली, मी नाही. पण सगळ्यात आधी काका म्हणाले होते. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत. मालकांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि खापर फोडायला एक डोकं सापडेना म्हणून तिन्ही डोक्यांवर फोडलं. "पुन्हा असं झालं तर तिघंही घरी बसाल. मला कोण ते शोधत बसायला वेळ नाही."

जिना उतरताना खांब आणि धाकटी एकमेकांकडे संशयाने बघत होते. काकांकडे दोघांपैकी कुणीही बघितलं नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं गेलेलं परत आणून दिलं त्याच्याकडे कोण बोट दाखवणार?

संध्याकाळी घरी जाताना काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी तो मंगळवार आठवायला घेतला. सकाळ आठवत होती. हिशेबवाल्या बाईंचं छपाईयंत्र. मग डबा खाल्ला. मग सर्व्हरवरची जागा भरत आली होती म्हणून जुनी, कुणाला नको असलेली फोल्डरं साफ करायला ते बसले. पहिलं फोल्डर उघडल्याचं त्यांना स्पष्ट आठवत होतं. त्यानंतर आठवत होता तो मोरीशी उभं राहून कप धुतल्याचा प्रसंग. मधलं काही आठवत नव्हतं. पुसट आठवतं आणि नीट लागत नाही, असंही नव्हे. तिथे काही नव्हतंच.

मागून एक गाडी भोंगा वाजवत गेली तेव्हा त्यांना कळलं की आपण किती तरी वेळ तिथेच उभे आहोत.

कुणी म्हणेल, यात घाबरण्यासारखं काय? दुपारी जेवून बसलेल्या माणसाला काय आठवतं? खरं आहे. पण काकांच्या घाबरण्याला एक माणूस कारण होता आणि तो माणूस त्यांचा बाप होता.

वडील शिंपी होते. हात असा की कापडावर खडूची रेघ न मारता कात्री घालायचे. मग म्हातारपणी त्यांच्या दुकानातून कापडं गायब व्हायला लागली. वडील म्हणायचे, चोरी होते. आईवर ओरडायचे की तूच कात्री हलवतेस. शेजारच्या दुकानदाराशी, ज्याच्याशी जन्मभर दोस्ती, त्याच्याशी त्यांनी हातघाईवर येऊन भांडण केलं. पुढे त्यांना माणसं ओळखू येईनात, दुकान बंद करावं लागलं, आणि काका आणि त्यांची थोरली बहीण, ताई, दुकान आवरायला गेले तेव्हा कापायच्या टेबलामागे, भिंतीला लागून, एक गाठोडं निघालं. सगळी गेलेली कापडं. चुकीची कापलेली. त्यात एका कोटाचं कापड होतं आणि त्याच्या दोन बाह्या होत्या, दोन्ही एकाच बाजूच्या. वडिलांनी ते सगळं लपवून ठेवलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. ताई तिथेच खाली बसून रडली होती, आणि काकांना रडूही आलं नव्हतं, इतके ते घाबरले होते. वडिलांचं उरलेलं सगळं ताईनेच केलं. भरवणं, पुसणं, रात्री-अपरात्री दारातून परत आणणं.

त्या मंगळवारनंतर काकांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. अंघोळ करताना एकोणिसाचा, मग एकोणतिसाचा पाढा म्हणायचा. बसमध्ये शाळेतल्या वर्गमित्रांची नावं हजेरीच्या क्रमाने आठवायची. एकही चुकलं की दिवस वाया. एकोणतिसाचा पाढा त्यांना लहानपणीसुद्धा येत नव्हता, हे मात्र ते सोयीस्कर विसरले होते.

"अहो, मोरीत पाढे कसले म्हणताय?" बायकोने दाराबाहेरून विचारलं. "या वयात कुठल्या परीक्षेला बसताय?"

"गळा साफ करतोय."

"पाढ्यांनी?"

बायकोला हसू येत होतं. काकांना येत नव्हतं. एकदा कपाट उघडून ते नुसतेच उभे राहिले, आपण काय घ्यायला आलो तेच कळेना. आता कपाटासमोर उभं राहून कशाला आलो ते विसरणं हा अख्ख्या मनुष्यजातीचा छंद आहे, त्यासाठी आजार लागत नाही. पण भीतीला असल्या गोष्टी कुठे ऐकू येतात? काका कपाटाच्या दाराला धरून उभेच राहिले.

एका रविवारी बायको बाहेर गेलेली बघून त्यांनी ताईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, "ताई, बाबांचं ते सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं होतं गं?"

"का रे?" ताईने विचारलं.

"अगं, सहज. विषय निघाला होता ऑफिसात."

"सगळ्यात आधी बाबांच्याच," ताई म्हणाली. "आपल्याला सगळ्यात शेवटी. त्यांनी सांगितलं असतं ना, तर आईने इतक्या शिव्या खाल्ल्या नसत्या." मग म्हणाली, "तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!" काका म्हणाले आणि घाईघाईने फोन ठेवला.

दिलासा एकच होता, आणि तो मोठ्या खात्याचा होता. खातं तिघांचं. खांबही आळशी होता, न वाचता कळा दाबायचा. धाकटी नवखी होती, गोंधळायची. त्यांच्यापैकीही कुणी असेल. काका स्वतःला रोज हे सांगायचे आणि मग त्या दोघांच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटायची. पण सांगणं सोडवत नव्हतं. त्या एका नावाखाली तिघं उभे होते तोवर काकांना स्वतःबद्दल खात्री करून घ्यावी लागत नव्हती.

अशा वेळी कुलूपबाई आल्या.

शाळेच्या प्रकरणानंतर मालकांनी सर्व्हर सांभाळायला एक बाई आणल्या. मध्यम वयाच्या, केस बारीक कापलेले, गारव्यासाठी पायांत जाड लोकरी मोजे. पहिले काही दिवस त्या कुणाशी फारसं न बोलता नुसत्या बघत राहिल्या. मग एके सकाळी सपोर्टच्या खोलीत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या की मोठं खातं बंद. यापुढे प्रत्येकाचं आपापल्या नावाचं खातं. त्यातून कामापुरतं बघता येईल, पासवर्ड बदलून देता येतील, छपाई सुरू-बंद करता येईल. फोल्डर उडवायचं असेल तर आधी मागायचं. दुसऱ्या माणसाने हो म्हणायचं, मग तेवढ्या एकाच फोल्डरवर, तेवढ्याच वेळापुरता हक्क मिळेल आणि नंतर आपोआप जाईल. बाई बोलून गेल्या, आणि त्यांना कुलूपबाई हे नाव वरचा जिना चढायच्या आत पडलं.

खोलीत आकाश कोसळलं. "म्हणजे आम्ही चोर?" खांब गरजला. "उद्या शिंकायला पण परवानगी काढायची?" धाकटी म्हणाली की तिला पासवर्ड मिळून वर्षसुद्धा झालं नाही. मग दोघंही काकांकडे वळले. "काका, तुम्ही बोला. तुमचं त्या ऐकतील."

काका बोलले. आणि असे बोलले की त्या दोघांनीसुद्धा तोंडात बोटं घातली. वर जाऊन कुलूपबाईंच्या टेबलासमोर उभं राहून, हा शांतपणाचा पुतळा म्हणून मिरवणारा माणूस, आवाज चढवून म्हणाला की माझी सगळी हयात या सर्व्हरांत गेली, तुम्ही काल आलात. इथे माणसं एकमेकांवर विश्वास ठेवून काम करतात, तुम्ही तो विश्वासच उपटून काढताय. उद्या अर्ध्या रात्री सर्व्हर बसला तर परवानगी द्यायला तुम्ही येणार का उठून? बाहेर जमलेल्यांना वाटलं, काका चिडलेत. चिडलेले नव्हते. त्यांची पाचावर धारण बसली होती. स्वतःच्या नावाचं खातं म्हणजे पुढच्या वेळी सर्व्हर सरळ नाव घेणार. मग खांब नाही, धाकटी नाही.

कुलूपबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपल्या कॉम्प्युटरचा पडदा काकांकडे वळवला.

"काका, हे माझं खातं. बघा. सर्व्हरवरचं काही मलासुद्धा उडवता येत नाही. मला लागलं तर मीही मागायचं, आणि हो म्हणणाऱ्यांत तुमचंही नाव आहे."

काकांनी बघितलं. खरंच होतं.

"तुम्हाला काय, स्वतःवरही विश्वास नाही?" ते फणकारले.

"जेवणानंतर तर अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "यात अपमान कसला? तुम्ही इथे उंचावर काच बसवणाऱ्या माणसाच्या कमरेला दोरी बांधता ना? तो कच्चा आहे म्हणून बांधता का?"

"आणि सर्व्हरने कुणाला नकार दिला की ते तुम्ही वाचत बसणार, नाही का?" काकांनी विचारलं, आणि बाईंच्या तोंडाकडे न बघता स्वेटर खाली ओढला.

"छे हो. असले नकार दिवसभर येत राहतात. कुणी काय चुकून दाबलं ते मी कुठे बघत बसू? अडलं म्हणजे अडलं. काम झालं."

शुक्रवारी मोठं खातं बंद झालं. काका त्यात शेवटचे शिरले ते काही काम होतं म्हणून नव्हे. नुसतेच शिरले, इकडे तिकडे बघितलं आणि बाहेर पडले. खांब दोन दिवस रुसून बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता दर गोष्टीला "परवानगी नाही हो" म्हणून काखा वर करता येतात, तेव्हापासून तो खुशीत आला. धाकटीनेही जुळवून घेतलं. कंपनी चालू राहिली. शिड्या लावून शाळेची मापं पुन्हा घेतली गेली, आणि या वेळी मापंवाल्यांनी काकांना येता-जाता "सांभाळा हो आता" म्हणून हात जोडले. काका हसायचे. पाढे म्हणणं थोडं कमी झालं होतं. एका रात्री तर ते बायकोशी पत्ते खेळले आणि जिंकले. बायको म्हणाली, "चला, परीक्षा झाली वाटतं एकदाची."

आणि मग ती दुपार आली. अगदी साधी दुपार. नकाशेवाल्यांच्या फोल्डरात त्याच त्याच नकाशांच्या जुन्या प्रती साठल्या होत्या, त्या काढायचं काम काकांकडे होतं. त्यांनी रीतसर मागितलं, खांबाने जांभई देत हो म्हटलं, तासाभराचा हक्क मिळाला. डबा झाला होता. खांब शेडमध्ये गेला, धाकटी वर गेली. शेजारच्या खोलीतून सर्व्हरांची घरघर येत होती. काकांनी पहिली जुनी प्रत उडवली. दुसरी उडवली.

मग ते एका चौकटीकडे बघत होते.

पडद्याच्या मधोमध ती चौकट होती. वर त्यांचं स्वतःचं नाव, आणि खाली लिहिलेलं, की हे फोल्डर काढून टाकण्याचा अधिकार तुम्हाला नाही. फोल्डर नकाशेवाल्यांचं नव्हतं. फोल्डर शाळेचं होतं. नवी मापं.

काकांनी डोळे मिटले आणि उघडले. चौकट तिथेच होती. नकाशांच्या फोल्डरातून इथवर यायला तीन ठिकाणी शिरावं लागतं, दोनदा मागे यावं लागतं. ते सगळं कुणीतरी केलं होतं आणि या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. त्यांनी चौकट बंद केली. तिच्यामागे तशीच आणखी एक चौकट होती. म्हणजे एकदा नकार मिळाल्यावर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला होता. नकार वाचून, किंवा न वाचता. कपात चहा होता. तो कुणी आणला? कपाला हात लावला तर तो पार गार झालेला.

काही बिघडलेलं नव्हतं. शाळा जागच्या जागी होती, एकूण एक खिडकी. सर्व्हरने ऐकलं नव्हतं, एवढंच झालं होतं. ही दुसरी चौकट बंद केली की विषय संपला. बाई नकार वाचत नाहीत. खांबाला कळणार नाही, धाकटीला कळणार नाही, मालकांना कळणार नाही. उद्या पुन्हा डबा, पुन्हा फोन, पुन्हा "थांबा". काकांचं बोट कळेवर गेलं. सुटल्यासारखं वाटलं त्यांना, अगदी खरं सांगायचं तर.

आणि त्याच वेळी त्यांना ते गाठोडं आठवलं. टेबलामागचं, भिंतीला लागून ठेवलेलं. वडिलांनी प्रत्येक वेळी कापड तिथे सरकवताना असंच इकडे तिकडे बघितलं असणार. सुटल्यासारखं वाटलं असणार. मग बाहेर येऊन आईवर ओरडले असणार. एका बाजूच्या त्या दोन बाह्या हातात धरून वडील एकटे किती वेळ उभे राहिले असतील, हे इतक्या वर्षांत काकांच्या मनात कधी आलं नव्हतं. आज आलं. भ्यालेले होते ते. दुष्ट नव्हते, चक्रमही नव्हते. नुसते भ्यालेले होते, आणि कुणाला सांगवत नव्हतं.

काकांनी कळेवरचं बोट उचललं. चौकट तशीच ठेवली. फोन पुढे ओढला आणि कुलूपबाईंचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता, याचा आता काही आनंद वाटला नाही.

"बोला काका."

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. सगळी हयात माणसांनी ज्या आवाजात त्यांना फोन केले, तो हा आवाज होता. "बाई, माझ्याकडून काहीतरी झालंय. म्हणजे झालं नाही, तुमच्या त्या कुलपाने अडवलं. शाळाच होती पुन्हा. पण ते मी केव्हा केलं ते मला आठवत नाहीये. दोनदा केलंय. मला काहीच आठवत नाही. आणि मागचं... मागचंही माझंच असणार. त्या पोरांचं नाही. माझ्या वडिलांना हेच झालं होतं बाई, आणि मी घरी कुणाला सांगितलेलं नाही."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा, काका," कुलूपबाई म्हणाल्या. त्यांना ते वाक्य कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण कंपनीत ते सगळ्यांनाच पाठ होतं. त्या नक्कल करत नव्हत्या. "कशालाच हात लावू नका. दोन्ही हात मांडीवर ठेवा. मी येते. मग आपण तुमच्या घरी फोन लावू."

काकांनी फोन ठेवला. स्वेटर खाली ओढला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकात एक धरले, आणि जिन्यावरून खाली येणारी बाईंची पावलं ऐकत बसले.